निरोगी नमुन्याची रेघ

११ जानेवारी

रांगेत बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

हातात चिठ्ठी आणि खिडकीपलीकडून ठरलेलं उत्तर: "रिपोर्ट नऊ दिवसांनी." तुमची आणि माझी तक्रार एकच आहे. आजार नऊ दिवस थांबत नाही. तो टोकन घेत नाही, जेवणाची सुट्टी पाळत नाही. मग आपणच का थांबायचं?

उद्या नव्या चाचण्यांना मान्यता देणाऱ्या समितीपुढे अशी सुरुवात करणार आहे. आईला वाचून दाखवलं. ती माझ्या कोटाची उसवलेली बाही शिवत होती. दातांनी दोरा तोडत म्हणाली, "अगं, डायरीत तरी माणसासारखं लिही. इथं कोण टाळ्या वाजवणार आहे?"

बरं, माणसासारखं लिहिते. ताई जाऊन सहा वर्षं झाली. तिचं शरीर स्वतःलाच शत्रू समजायला लागलं होतं. स्वतःच्याच पेशींवर सोडलेली प्रतिपिंडं तिच्या रक्तात फिरत होती. त्यावर गोळ्या होत्या, पण रिपोर्टशिवाय डॉक्टर त्या लिहून देईनात. रक्त दिल्यापासून सातव्या दिवशी ती गेली. नवव्या दिवशी पाकीट आलं. आईनं ते न उघडता शिलाई मशीनच्या खणात, बटणांच्या डब्याखाली ठेवलं. अजून तिथेच आहे.

म्हणून ही चाचणी. नखाएवढी काचेची पट्टी, तिच्यावर हायड्रोजेलचा पातळ थर. डोळ्यात घालायच्या लेन्ससारखा मऊ, जवळपास सगळा पाण्याचाच. त्या थरात आम्ही पेशींचे कण आमिष म्हणून अडकवतो. बोटाच्या रक्तात ती प्रतिपिंडं असली तर ती आमिषाला धरतात आणि पडद्यावरची रेघ चढते. नसली तर रेघ सपाट राहते. बारा मिनिटं लागतात. नऊ दिवस नाही.

१२ जानेवारी

जिंकले!

समितीच्या अध्यक्षांना आम्ही 'घड्याळ' म्हणतो. बसल्याबसल्या मनगटावरचं काढून टेबलावर ठेवतात, आणि मग समोरच्याची जीभ अडखळायला लागते. माझी नाही अडखळली. रांगेपासून सुरुवात केली, ताईपाशी थांबले.

त्यांनी एकच प्रश्न विचारला. "आजारी नमुने रुग्णालय देणार. तुलनेसाठी निरोगी रक्त कुणाचं?"

"माझं," मी म्हटलं. "दुसऱ्याच्या बोटाला सुई लावण्याआधी संशोधकानं स्वतःचं बोट पुढे करावं. मी घोड्यासारखी धडधाकट आहे. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत निरोगी नमुना माझा असेल!"

टाळ्या पडल्या. पुढचं विचारायला घड्याळानं तोंड उघडलं होतं, पण टाळ्या संपेपर्यंत त्यांनी ते मिटलं.

वीस जूनला प्रात्यक्षिक. आजारी रक्ताची रेघ चढली पाहिजे, निरोगी रक्ताची सपाट राहिली पाहिजे. जमलं तर चाचणी दवाखान्यांत जाईल. नाही जमलं तर प्रयोगशाळेची खोली रिकामी करायची.

२ फेब्रुवारी

आज माझी रेघ इस्त्री केल्यासारखी सपाट आली. चिमटा नाचली.

चिमटा म्हणजे माझी सहायक. काचपट्ट्या उचलायचा चिमटा ही बाई केसांत खोवून फिरते आणि मग अर्धा तास तोच शोधते. एरवी काटेकोर. तिचा एक मंत्र आहे: "पट्ट्या ओल्या आहेत ना?" जेल सुकलं की तलावाच्या तळासारखं तडकतं, म्हणून सगळ्या पट्ट्या खाऱ्या पाण्यात, झाकण लावून, फ्रिजमध्ये. हा प्रश्न ती आल्यावर विचारते, जाताना विचारते. एकदा फोनवर आपल्या नवऱ्यालाही विचारला म्हणे.

९ मार्च

माझ्या रक्ताची रेघ किंचित वर. नखभर. कदाचित धुणं कमी पडलं असेल. जेल चिकट राहिलं तर रक्तातलं कुठलंही प्रथिन त्याला लोंबकळतं आणि रेघ खोटी चढते. उद्या दोनदा धुऊ.

सकाळी बोटं वळत नव्हती. पिपेट दोन्ही हातांनी धरावं लागलं. फ्रिजमध्ये हात घालून घालून दुसरं काय होणार?

२८ मार्च

तीनदा धुतलं. रेघ चढतेच आहे. आता बोटभर.

रुग्णालयाचे अकरा नमुने मात्र चोख. ज्याला आजार जास्त, त्याची रेघ जास्त. चिमटा म्हणाली, "मॅडम, सगळे आजारी शहाण्यासारखे वागतात. एक निरोगीच तेवढा वात्रट आहे."

हसले. पण हसण्यासारखं काही नाही. निरोगी माणसाला आजारी म्हणणारी चाचणी म्हणजे खोटा साक्षीदार. तो माणूस नको त्या गोळ्या घेईल, आणि त्या गोळ्या काही साध्या नसतात.

१७ एप्रिल

जेलची कृती सातव्यांदा बदलली. जेल घट्ट करायला ते अतिनील दिव्याखाली ठेवावं लागतं. वेळ वाढवून बघतेय, तास न् तास दिव्यापाशी. दोन्ही गाल नाकासकट लाल झाले. आईनं जेवताना पाहिलं आणि घास हातातच राहिला तिचा.

"हे कधीपासून?"

"दिव्यानं भाजलंय गं."

"ताईला दिवा नव्हता."

"आई, प्रत्येक गोष्टीत ताई आणू नकोस."

ती उठून गेली. मशीनचा आवाज यायला हवा होता, आला नाही. मी चढ्या आवाजात बोलायला नको होतं. तोंड आतून सोललंय, जेवण झोंबतं, त्यानं चिडचिड होते. झोप मात्र भरपूर येते. दुपारी खुर्चीतच डोळा लागला, माझा! जिला सुट्टीच्या दिवशीही लोळणं माहीत नाही.

६ मे

नववी कृती. तिसरी पेटी कचऱ्यात. साठ पट्ट्या. चिमटा पेटीकडे अशी पाहत राहिली, जणू त्या पट्ट्यांना नावानं ओळखते.

"मॅडम, फेकू नका. आजाऱ्यांवर छान चालतात या."

"निरोग्यावर चालत नाहीत."

"निरोगी..." ती थांबली. "रक्ताबद्दल एक बोलू?"

"रक्ताबद्दल समितीपुढे बोलून झालंय. जेलबद्दल बोल."

तिनं फ्रिज उघडला आणि पट्ट्यांवरची झाकणं तपासायला लागली.

वीस जूनसाठी आई माझा काळा कोट नीट करतेय. मला उभं करून मापं घेतली. टेपकडे बघितलं, पुन्हा घेतली. "दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं आत घ्यावा लागेल." मी म्हटलं, बरंच आहे, लोक पैसे मोजून बारीक होतात. तिच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून काही बोलेल असं वाटलं. पण एकेक टाचणी कोटालाच लावत गेली.

न्हाणीच्या जाळीत केसांचा पुंजका अडकला होता. आईनंच काढला असणार. कागदात गुंडाळून खिडकीत ठेवला होता. असल्या गोष्टी ती कशाला जपून ठेवते कोण जाणे.

२३ मे

आज जे घडलं ते लगेच लिहून ठेवते.

सकाळी चिमटानं पडदा माझ्याकडे वळवला. दोन रेघा. दोन्ही सपाट. मी खुर्ची पुढे ओढली.

"कुठली कृती?" मी विचारलं.

"पहिली. फेब्रुवारीतली. काही बदललेलं नाही."

"मग?"

"रक्त माझं आहे, मॅडम. आणि दुसरं पहारेकऱ्याचं. विचारून घेतलं त्याला."

मी काय बोलले ते शब्द न् शब्द आठवतं. माझी वाक्यं मला नेहमीच आठवतात. "चेहरा वाईट दिसतो म्हणून आरसा बदलायचा? जानेवारीपासून ज्या रक्तानं तुलना केली, ते प्रात्यक्षिकाच्या तोंडावर बदलायचं, कारण दुसरं सोयीचं आहे? याला विज्ञान नाही म्हणत, लबाडी म्हणतात!"

"मी बदला नाही म्हणत. मी म्हणते, तुम्ही एकदा डॉक्टरकडे जाऊन या."

"वेडी मी नाही."

"वेडाचं कोण बोलतंय?" पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "मॅडम, तुम्ही भाषणात तेवढं ऐकता. तेही स्वतःचंच."

मी तिला दार दाखवलं. तिनं केसांतला चिमटा काढून टेबलावर ठेवला. दारातून वळून म्हणाली, "पट्ट्या ओल्या ठेवा."

फेब्रुवारीच्या कृतीची तिनं लपवलेली पेटी फ्रिजच्या मागच्या कप्प्यात सापडली. ती फेकायला हवी होती. हात धजला नाही.

११ जून

एकटीच काम करतेय. जिना चढताना दोनदा बसावं लागलं. बारावी कृती, रेघ आणखी वर. आता माझी रेघ रुग्णालयाच्या सातव्या नमुन्याला जाऊन भिडते. ती बाई अंथरुणाला खिळलेली आहे म्हणे. एवढं खोटं बोलणारं जेल मी बनवलं! सहा वर्षं ताईचं नाव घेत घेत मी हे बनवलं.

कशावरच विश्वास उरला नाही. जेलवर नाही, माणसांवर नाही. एका गोष्टीवर सोडून. माझा नमुना पहिल्या दिवसापासून तोच आहे. तेवढं एक माझ्या हातून नीट झालं.

२० जून

संपलं.

कोट अंगावर ठीक बसला होता. घड्याळ टेबलावर. आजारी नमुना: रेघ चढली. मग मी सगळ्यांसमोर स्वतःच्या बोटाला सुई लावली. दुसरं काय करणार होते? जानेवारीत तसं बोलून बसले होते. थेंब पट्टीवर टाकला. आठव्या मिनिटाला रेघ निघाली आणि आजारी रेघेच्या शेजारी जाऊन थांबली. जुळ्या बहिणींसारखी.

घड्याळ म्हणाले, "बाई, तुमच्या यंत्राच्या मते तुम्ही आजारी आहात."

खोली हसली. त्यांचा दुष्टपणा नव्हता, वातावरण हलकं करायचं होतं त्यांना. मला मात्र ते चाबकासारखं लागलं. बोलायला उभी राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला शब्द सुचला नाही.

परवानगी नाही. पंचवीसपर्यंत खोली रिकामी करायची.

२४ जून

आवराआवर. आई डबा घेऊन आली. खोक्यांच्या मधे स्टुलावर बसली. पाच महिने घरी ज्याच्यावरून वाद, ते यंत्र तिनं आज पहिल्यांदा पाहिलं.

"माझं रक्त घालून दाखव," ती म्हणाली.

"कशाला? बंद झालं सगळं."

"बंदच झालंय ना? मग बिघडतं काय? तुझं नाक कापलंच गेलंय, माझं बोट टोचून आणखी किती कापलं जाणार?"

फ्रिजमधून चिमटाची पेटी काढली. बेचाळीस पट्ट्या, सगळ्या पाण्याखाली. आईचं बोट कडक, सुयांनी घट्टे पडलेलं. दोनदा टोचावं लागलं.

बारा मिनिटं. सपाट.

मी पडद्याकडे बघत राहिले. वाटलं, पट्टी मेली असेल. रुग्णालयाच्या उरलेल्या रक्ताचा थेंब दुसऱ्या पट्टीवर टाकला. चढली. पट्ट्या जिवंत होत्या. मग माझं रक्त. त्याच पेटीतलं जेल, तेच पाणी, तोच हात.

आईला आलेख कळत नाही. चढत्या रेघेवर तिनं बोट ठेवलं. "ताईचीही अशीच आली असती का गं?"

तिनं पिशवीतून पाकीट काढलं. पिवळं पडलेलं, न उघडलेलं. सोबत कागदात गुंडाळलेले माझे केस. "पाकीट एप्रिलपासून पिशवीत घेऊन फिरतेय. तू ऐकशील तेव्हा द्यावं म्हटलं. तू बोलत होतीस."

मी पाकीट उघडलं. ताईचे आकडे वाचले. मग खाली बसले, खोक्यांच्या मधे, फरशीवर. सांधे वळत नव्हते, त्यामुळे बसायलाही वेळ लागला.

शेकडो पट्ट्या मी फेकल्या. त्यातली प्रत्येक खरं बोलत होती.

२५ जून

सकाळी रक्त दिलं. खिडकीतली मुलगी मान वर न करता म्हणाली, "रिपोर्ट नऊ दिवसांनी."

डॉक्टरांना पट्टीचं सांगितलं. माझे गाल, बोटं बघून ते गंभीर झाले, लघवीही तपासायला पाठवली. पण गोळ्यांचं विचारल्यावर म्हणाले, "मान्यता नसलेल्या पट्टीवर मी असली औषधं कशी लिहून देऊ? तुम्हीच सांगा." मी काय सांगणार? त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. मान्यता का नाही, तेही मलाच ठाऊक.

२७ जून

चिमटाला फोन केला. माफीचं दोन पानी पत्र लिहून समोर ठेवलं होतं. पहिलंच वाक्य वाचलं आणि पुढचं वाचता येईना.

"राहू द्या," ती म्हणाली. मग, "पट्ट्या ओल्या आहेत ना?"

"घरच्या फ्रिजमध्ये आहेत. एकोणचाळीस."

"तुमच्यावर राग आहे माझा. तो राहणार आहे. यंत्र कुठंय?"

३० जून

चिमटा घड्याळाकडे जाऊन आली. मला नेलं नाही. म्हणाली, "तुम्ही बोलाल."

त्यांनी तिचं ऐकून घेतलं. म्हणे, ऐकता ऐकता घड्याळ पुन्हा मनगटावर चढवलं. जानेवारीत विचारायचा राहून गेलेला प्रश्न त्यांनी आता विचारला: "एकाच माणसाचं रक्त का?" अट घातली आहे. अनोळखी, धडधाकट माणसं, प्रत्येकाची लेखी संमती, आणि त्यांच्या रेघा सपाट. किमान तीस. चार तारखेच्या आत, कारण त्यानंतर या पट्ट्यांचं जेल ढिलं पडतं. पुन्हा खोली मिळेलच असं नाही. कागद पुढे सरकवतील, एवढंच.

अनोळखी, धडधाकट माणसं कुठून आणायची? चिमटाच्या ओळखीची चालत नाहीत. माझ्या ओळखीची उरली नाहीत.

२ जुलै

आज सातवा दिवस.

रिपोर्ट लवकर येतो का, ते विचारायला रांगेत बसले. नाही आला. पाय सुजलेत, चपलेत मावत नाहीत. आई शेजारी पिशवी धरून बसली होती, सहा वर्षांपूर्वी ताईशेजारी बसली होती तशीच. आज कितवा दिवस ते ती विचारत नव्हती. तिला माहीत होता.

तिच्याकडे बघता बघता मला बाकीची रांग दिसली. इतकी वर्षं मी या रांगेत फक्त आजारी माणसं बघितली. प्रत्येकाशेजारी एक धडधाकट माणूस बसलेला असतो. पिशवी धरणारा. त्याच्याकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

माझ्या हाती दोनच दिवस आहेत, पट्ट्यांच्याही. माझं काय होईल ते मला माहीत नाही. माझ्यासाठी या पट्ट्या वेळेत पोचणार नाहीत, एवढं गणित मला येतं. उद्या चिमटा यंत्र आणि संमतीचे कागद घेऊन खिडकीबाहेर बसेल. मी बाकावर उभी राहीन. उभं राहता आलं नाही तर बसून खालचं भाषण करेन. आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "चालेल. लहान आहे."

रांगेत सोबत म्हणून आलेल्यांनो,

ज्यांच्या हातात स्वतःची चिठ्ठी नाही, जे दुसऱ्याची पिशवी धरून बसलेत, त्यांच्याशीच बोलतेय. शेजारच्या माणसासाठी काही करता येत नाही, हेच तुमचं दुःख ना? माझ्या आईचंही तेच होतं. मी म्हणत होते, माझं एकटीचं रक्त पुरे आहे. मी चुकले. तुमच्याशिवाय ही पट्टी खरी की खोटी, ते कुणालाच कळणार नाही. खिडकी उघडायला वेळ आहे. केसांत चिमटा खोवलेली ती बाई दिसते ना? तिच्यासमोर बसा, कागद वाचा, सही करा, आणि डाव्या हाताचं एक बोट पुढे करा. आत्ता.